गणवेशाचा रंग कोण ठरवतं आणि त्यावर धंदा कोणाचा चालतो?

सातारा-सांगलीतल्या जिल्हा परिषद शाळेचा गणवेश म्हणजे फक्त शिस्त नाही, तो बाजारही आहे. तो कसा?

समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दोन मोफत गणवेश मिळतात. एका गणवेशाला ३०० रुपये. पूर्वी हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. समिती रंग ठरवायची आणि ऑर्डर बहुतेकदा गावातल्या किंवा तालुक्यातल्या दुकानदाराला, शिंप्याला मिळायची.

२०२३ मध्ये सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' जाहीर केलं. आकाशी शर्ट, गडद निळी पँट. २०२४-२५ मध्ये कापड राज्य पातळीवरून आलं आणि शिलाई महिला बचत गटांकडे गेली.

इथेच रंगाचं गणित कळतं. प्रत्येक शाळेचा रंग वेगळा असेल, तर काम अनेकांत वाटलं जातं. सगळीकडे एकच रंग झाला, की एकच मोठी खरेदी करता येते आणि स्थानिक दुकानदार बाजूला पडतो.

फटका मुलांनाही बसला. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या, पण राज्यात अनेकांना १५ ऑगस्टलाही नवा गणवेश मिळाला नव्हता. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हा अधिकार पुन्हा शाळा समित्यांना दिला.

म्हणजे आता जबाबदारी कोणाची? शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळे रंग कोणता, कापड कसं आणि गणवेश कधी मिळणार, हे प्रश्न पालकांनी जूनआधीच बैठकीत विचारायला हवेत.