वेगळा प्रीॲम्प घ्यावाच कशाला?

घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंगचा धंदा मांडणारी आपली मुले हल्ली बरीच दिसतात. कुणी दुकानांच्या जाहिराती भरून देतो, कुणी नात-कव्वालीचे रेकॉर्डिंग करतो. सर्वांचा पहिला प्रश्न ठरलेला : स्वस्तात चांगला प्रीॲम्प कोणता? आमचा उलट प्रश्न, तो वेगळा घ्यावाच कशाला?

माइकमधून निघणारी वीज फार क्षीण, मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतकी. तिला बळ देणारे यंत्र म्हणजे प्रीॲम्प. परंतु संगणकाला जोडण्यासाठी आपण जो ऑडिओ इंटरफेस घेतो, त्याच्या पोटात तो असतोच. बेहरिंगर, फोकसराइट यांच्या साध्या इंटरफेसमध्येही तो आहे आणि कंडेन्सर माइकला लागणारा 48 व्होल्टचा पुरवठाही आहे.

दुकानदार म्हणेल, महागड्या यंत्रात खरखर कमी. खोटे नाही. पण किती कमी? 150 ओमच्या माइकला जोडलेले कोणतेही यंत्र साधारण उणे 131 डीबीयूच्या खाली जाऊ शकत नाही, आणि आजची स्वस्त यंत्रे उणे 125 ते 128 पर्यंत पोहोचतात. फरक राहिला तीन ते सहा डेसिबलचा. भिवंडीत ज्याच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग धडधडतो, त्याला याचा काय उपयोग? त्याने रेकॉर्डिंगची वेळ बदलावी, पंखा बंद करावा, भिंतीवर जाड गोधड्या टांगाव्यात. (गोधडीने खोलीतला घुमारा कमी होतो, मागाचा आवाज नव्हे. हे आधीच समजून घ्यावे.) शिवाय माइक तोंडापासून एका विताऐवजी अर्ध्या वितावर आणला की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. खर्च शून्य.

अपवाद एकच. शुअर एसएम 7 बी सारख्या मंद माइकला सुमारे 60 डेसिबलची वाढ लागते. जुन्या इंटरफेसची ताकद त्याहून कमी असेल, तर बटण शेवटपर्यंत फिरवूनही आवाज पुरत नाही. अशा वेळी केबलच्या मध्ये बसणारा छोटा बूस्टर पुरेसा आहे. तो त्याच 48 व्होल्टवर चालतो आणि वेगळ्या प्रीॲम्पच्या मानाने खर्चही बेताचा.

खरेदीला जाताना आपला माइक आणि हेडफोन सोबत न्यावेत. दोन यंत्रे ऐकताना आवाज सारखा ठेवावा. जे मोठ्याने वाजते तेच कानाला चांगले वाटते, आणि विक्रेत्यालाही हे ठाऊक असते. पक्के बिल मागून घ्यावे.

आमच्या माहितीतील एका तरुणाने उसनवारी करून ट्यूबचा प्रीॲम्प घेतला. आवाजात काडीचाही फरक पडेना. दोन महिन्यांनी तो निम्म्या भावात विकायला निघाला, तेव्हा आम्ही जोडणी पाहिली. त्याने नव्या यंत्राची वायर इंटरफेसच्या लाइनमध्ये न लावता माइकच्या जागी लावली होती, म्हणजे आवाज पुन्हा त्याच जुन्या प्रीॲम्पमधून जात होता. विकणाऱ्याने हे त्याला सांगितलेच नव्हते.