टाकून दिलेले हाड कोणाचे?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाच्या ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर सुमारे १०५ तासांत डांबर अंथरण्यात आले आणि त्या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली. अभियंत्यांच्या आणि मजुरांच्या या कर्तबगारीचे कौतुक करण्यात प्रस्तुत लेखकाला संकोच वाटत नाही. परंतु रस्ता गुळगुळीत झाला की वाहने भरधाव जातात, आणि वाहने भरधाव गेली की हाडे मोडतात, हेही तितकेच खरे. या रस्त्यावर दुचाकीवरून फेकल्या गेलेल्या एखाद्या शेतमजुराच्या नडगीचा चुरा झाला, तर ती पोकळी भरण्यासाठी हाड कोठून आणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही विक्रमाच्या पुस्तकात सापडत नाही.

बहुतेक हाडे नीट बसवून स्थिर ठेवली की आपोआप जुळतात. अडचण येते ती मधला तुकडाच नाहीसा झाला असता, किंवा महिनोन्महिने वाट पाहूनही दोन टोके एकमेकांना धरीत नाहीत तेव्हा. नडगीच्या बाबतीत हे विशेष घडते. तिच्या पुढच्या अंगाला कातडीखेरीज आवरण नाही आणि रक्तपुरवठाही बेताचा. अशा वेळी दुसरे हाड भरावे लागते. यालाच अस्थिरोपण म्हणतात. सर्वांत उत्तम हाड रुग्णाचे स्वतःचे. ते बहुधा कमरेच्या हाडाच्या कडेवरून काढतात आणि त्यात जिवंत पेशी असतात. परंतु ते मोजकेच मिळते, त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि त्या जखमेचे दुखणे पुष्कळदा रेंगाळते. पोकळी मोठी असेल, रुग्ण लहान मूल असेल, तर ते पुरत नाही. मग दुसऱ्या माणसाचे, निर्जंतुक केलेले हाड वापरतात. त्यात जीव नसतो. वेलाला मांडव असावा तसे ते असते. रुग्णाच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि हळूहळू त्याच्या जागी रुग्णाचे स्वतःचे नवे हाड उभे राहते.

ही विद्या नवी नाही. १८८० च्या सुमारास ग्लासगोच्या विल्यम मॅकएवन यांनी दंडाचे हाड गमावलेल्या एका मुलाचा हात वाचविला. त्यासाठी वापरलेले तुकडे इतर रुग्णांचे वाकडे पाय सरळ करताना काढलेल्या हाडांचे होते. म्हणजे आरंभीच हाड आले ते टाकाऊ मानल्या गेलेल्या ढिगातून! आपल्या देशातही हे ज्ञान सार्वजनिक क्षेत्रानेच रुजविले. १९७४ मध्ये तुर्भे येथे वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा ‘आयसोमेड’ प्रकल्प सुरू झाला. १९८८ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ऊतिपेढी उभी राहिली आणि किरणोत्साराने निर्जंतुक केलेले हाड तेथून मिळू लागले. नफ्याची प्रेरणा नसेल तर काहीच घडत नाही, असे शिकविणाऱ्यांनी परळला एकदा जाऊन यावे.

परंतु परळ अकोल्याहून जवळजवळ सहाशे किलोमीटर दूर आहे, आणि खरा प्रश्न येथून पुढेच सुरू होतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले किंवा खुब्याचा सांधा झिजला, की शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचा गोळा काढून त्या जागी कृत्रिम गोळा बसवितात. हाड साठविण्याची व्यवस्था नसेल तेथे काढलेला गोळा पिवळ्या पिशवीत जातो आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे नष्ट होतो. दुसऱ्या टेबलावर ज्याच्या नडगीत पोकळी आहे, त्याच्या नातलगाच्या हाती मात्र दुकानातून पाकीट आणण्याची चिठ्ठी पडते. एका गरिबाचे हाड जाळावयाचे आणि दुसऱ्या गरिबाने हाड विकत घ्यावयाचे, याला आमच्या शास्त्रात अपव्यय म्हणतात. व्यापाराच्या भाषेत त्याचेच नाव मागणी.

आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने मानवी अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली आणि २०११ च्या दुरुस्तीने ऊतींनाही त्याच्या कक्षेत आणले. हे योग्यच झाले. परंतु बंदी घालून भागत नाही. अमेरिकेने १९८४ मध्ये अवयवविक्रीवर बंदी घातली. तीत हाड आणि कातडीही आली. मात्र प्रक्रियेचा ‘वाजवी’ मोबदला घेण्यास मुभा ठेवली आणि त्या एका फटीतून दान केलेल्या ऊतींचा प्रचंड धंदा वाढला. दात्याने फुकट दिलेले हाड रुग्णापर्यंत पोहोचताना माल झाले. फट बुजवावयाची तर सार्वजनिक पेढी हवी. दुसरा मार्ग नाही.

येथे कोणी म्हणेल, गरिबांसाठी शासनाची आरोग्य योजना आहेच की. आहे. २०१२ मध्ये ती ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता, आणि आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. तिने अनेकांना आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या योजनेत शासन हे गिऱ्हाईक आहे. ठरलेल्या दराने शस्त्रक्रिया विकत घेता येते; पेढी, प्रशिक्षित माणसे आणि लोकांचा विश्वास विकत घेता येत नाही. ते उभारावे लागते.

उभारणे अवघडही नाही. अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीलाही २०२४ मध्ये ते सुरू झाले. प्रत्येक जिल्ह्यात संपूर्ण पेढी नको. या दोन ठिकाणी संकलन-साठवण केंद्रे असावीत आणि ती परळच्या पेढीशी जोडावीत. त्यासाठी दात्याची लेखी संमती, एचआयव्ही, कावीळ ब आणि क व उपदंश यांच्या चाचण्या, सहा महिन्यांनी त्याच दात्याची फेरतपासणी, उणे ७० अंशांखालचा शीतकपाट, अखंड वीज आणि प्रत्येक तुकड्याची काटेकोर नोंद लागते. रक्तपेढ्या चालविणाऱ्या राज्याला हे झेपणार नाही, असे कोणी गंभीरपणे म्हणू शकेल काय?

लोक हाड देणार नाहीत, हा आणखी एक आक्षेप. सत्काराच्या सभांतून दधीचीचे नाव घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की दधीचीला प्राण द्यावे लागले; येथे दाता शस्त्रक्रियेनंतर घरी चालत जातो आणि जे जळणारच होते तेवढेच मागे ठेवतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी सामान्य माणसांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या केल्या. आपण दिले ते कोणाच्या खिशात जाणार नाही, याची लोकांना खात्री होती. ब्रिटिश विचारवंत रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाच्या अभ्यासातून नेमके हेच मांडले: रक्ताचा बाजार झाला की दानाची वृत्ती आटते आणि रक्तही कमी सुरक्षित होते. हाडाचा न्याय वेगळा असण्याचे कारण नाही.

राहिला खर्चाचा आक्षेप. नडगी जुळली नाही म्हणून वर्षभर खाटेवर पडलेल्या मजुराची बुडालेली मजुरी, सावकाराचे व्याज, शाळा सोडून कापूस वेचायला गेलेली मुलगी, हे सारे शासनाच्या कोणत्या लेखाशीर्षात येते? कोठेच येत नाही. म्हणूनच पेढी महाग भासते. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून महाराष्ट्राने रिकाम्या हाताचा कामावरचा हक्क मान्य केला. मोडलेल्या हाताला पुन्हा कामाजोगे होण्याचा हक्क आहे की नाही, हे आता त्याने सांगावे.

कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांना माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी खुब्याच्या शस्त्रक्रियांत मांडीच्या हाडाचे किती गोळे काढले? त्यांचे काय केले? अस्थिरोपणाचे साहित्य किती रुग्णांना बाहेरून आणावे लागले? उत्तरे हाती आली की मोर्च्याच्या मागणीपत्रकाचा मसुदा वेगळा लिहावा लागणार नाही.