भांडीघाशाची उत्तरपूजा

आमच्या गावाचं नाव प्रकाशा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण कंपनीच्या तक्रार-केंद्रातल्या बाईंना ते सव्वीस मिनिटं सांगूनही पटलं नव्हतं.

"आपलं शुभ नाव, प्रकाशाजी?"

"नाव नाही हो, गाव प्रकाशा."

"ठीक आहे प्रकाशाजी, गाव सांगा."

"प्रकाशा. तालुका शहादा."

"शाहदरा? दिल्ली?"

"शहादा! जिल्हा नंदुरबार!"

मग पलीकडे बराच वेळ बासरी वाजली. बासरी थांबल्यावर मला कळवण्यात आलं की माझ्या पिनकोडावर कंपनीची सेवा उपलब्ध नाही. मी म्हटलं, "बाई, याच पिनकोडावर तुम्ही हे यंत्र घरपोच आणून दिलंत. तेव्हा गाव सापडलं होतं." त्या म्हणाल्या, "ते विक्री खातं, सर."

मी बँकेत कारकून आहे. बी. कॉम. झाल्यापासून काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे 'ते माझं खातं नाही' या वाक्याची ताकद मला ठाऊक आहे. मीही ते पुष्कळदा वापरलं आहे. पण आमच्याकडे पैसे भरायची खिडकी गावात आणि काढायची खिडकी पुण्यात, असं तरी कधी ठेवलेलं नाही.

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचं हे गाव. केदारेश्वराचं देऊळ आहे, घाट आहे, तापीवर बॅरेज आहे. दक्षिण काशी म्हणतात आम्हाला. काशीला जाऊन आलेला माणूस प्रकाशाला येऊन उत्तरपूजा करत नाही तोवर त्याची यात्रा पुरी होत नाही, अशी श्रद्धा आहे. कंपनीच्या यादीत मी मुद्दाम पाहिलं. काशीला सेवा-केंद्र आहे, दक्षिण काशीला नाही. म्हणजे कंपनीची यात्रा अर्धीच.

आणि भांड्यांच्या बाबतीत तर आमची परंपरा फार जुनी. 1954-55 साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथलं टेकाड खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची रंगीत, नक्षीदार खापरं निघाली. इतकी भांडी होती म्हणजे ती कुणीतरी घासतही असणार; आणि कोण घासत असेल हे सांगायला उत्खनन लागत नाही.

आमच्या घरात ती आमची ही घासायची. 2020 च्या टाळेबंदीत भांडीवाल्या मावशी सुरतेला लेकीकडे अडकल्या, त्या तिकडेच राहिल्या. हिच्या हातांना साबण सोसत नाही. पेरापेरांवर चिरा पडायच्या. खानदेशात मिरचीच्या वाटणाशिवाय स्वयंपाक नाही, आणि चिरा पडलेल्या बोटांनी मिरची वाटणं म्हणजे काय, ते मला विचारू नका. मी कधी वाटलेली नाही. डॉक्टर म्हणाले, हात साबणापासून दूर ठेवा. मी रबरी हातमोजे आणून दिले आणि माझं कर्तव्य संपलं असं समजून पेपर वाचायला बसलो. मोज्यांच्या आत घाम येऊन चिरा दुप्पट झाल्या. अखेर 2021 च्या दिवाळीत डिशवॉशर घेतला.

आईने त्याचं नाव 'पेटी' ठेवलं, चिरंजीवांनी 'भांडीघाशा'. "एवढ्याशा भांड्यांना दोन तास? मी वीस मिनिटांत घासते," असं आई महिनाभर म्हणत होती. पाणी फार खात असेल, हीही शंका होती. तेव्हा मी बाहेर येणारी नळी बादलीत सोडून कॅश मोजावी तसं पाणी मोजलं. सगळं मिळून जेमतेम दहा लिटर भरलं. मोरीवर आई त्याच्या तिप्पट पाण्याने नुसती विसळते. शिवाय दोन महिन्यांत हिच्या चिरा भरून आल्या. त्यानंतर आई पेटीला काही बोलली नाही. उलट हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती उघडून दाखवू लागली.

2025 च्या मे महिन्यात, घरात लग्नाचे पाहुणे असताना, भांडीघाशा मध्येच थांबला. पुढचा दिवा लुकलुकू लागला. दार उघडलं, तर तळाशी चार बोटं पाणी आणि त्यात आमरसाच्या वाट्या बुडालेल्या. माहितीपुस्तिका काढली. ती सात भाषांत होती, मराठी सोडून. इंग्रजी पान शोधलं, तर तिथे त्या लुकलुकण्याचा अर्थ दिला होता : 'अधिकृत तंत्रज्ञाशी संपर्क साधा.' उरलेल्या सहा भाषांतही तेवढंच असावं, कारण वाक्याची लांबी सारखीच होती.

मला जमण्यासारखं ते मी केलं. तळातली गाळणी फिरवून काढली, तिच्यातून आंब्याच्या केसरांचा गोळा निघाला, तो धुतला. मागची नळी कुठे मुरगळली आहे का पाहिलं. पाणी जागचं हललं नाही. मग ते सव्वीस मिनिटांचं संभाषण झालं, आणि 'विशेष बाब' म्हणून अकराव्या दिवशी एका मोठ्या शहरातून अधिकृत तंत्रज्ञ अवतरले.

मी घड्याळ लावलं होतं. ते एकूण नऊ मिनिटं घरात होते, त्यात चहा धरलेला आहे. त्यांनी पाण्यात हात घातला नाही. गाळणी काढली नाही. यंत्राचा मोबाईलवर फोटो घेतला, कुणाला तरी पाठवला आणि निदान सांगितलं : पंप गेला, बोर्डही गेला असावा. दोन्ही मिळून अकरा हजार सहाशे. पण मॉडेल जुनं असल्यामुळे पार्ट येतीलच असं नाही, तेव्हा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, आज बुक केलं तर सवलत. साडेतीन वर्षांच्या यंत्राला जुनं म्हणाले! आमच्या शाखेतला पंखा तीस वर्षं फिरतो आहे, त्याने हे ऐकलं असतं तर थांबलाच असता. भेटीचे साडेसातशे घेऊन साहेब गेले.

पुण्याहून मेहुण्यांचा फोन आला. "दाजी, हल्ली कुणी रिपेअर करत बसत नाही. फेकून द्या."

आता मी कॉमर्सचा माणूस. आम्हाला पहिल्या वर्षालाच शिकवलेलं असतं की दुरुस्ती हा महसुली खर्च आणि नवं यंत्र हा भांडवली खर्च; एकाचा दुसऱ्यात घोळ करणं ही हिशेबातली चूक, आणि जाणूनबुजून केला तर लबाडी. माझ्या यंत्राचा घसारा मी ठरवायचा की विकणाऱ्याने? तो दहा वर्षं चालेल असं धरून मी पैसे मोजलेले. पार्ट मिळणार नाही, असं एकदा सांगितलं की यंत्राची किंमत एका वाक्यात शून्य होते. कुठल्याही ऑडिटरने अशा नोंदीखाली लाल पेन्सिल ओढली असती.

दरम्यान भांडी. अकरा दिवस आणि त्यापुढचे आठ, ती कुणीतरी घासतच होतं. चौथ्या दिवशी हिच्या अंगठ्याची चीर पुन्हा उघडली. तेव्हापासून मी घासू लागलो. मी हे शौर्य म्हणून सांगत नाही; सत्तेचाळीस वर्षं उशीर झालेल्या हप्त्याला शौर्य म्हणत नाहीत. पण एक कळलं. 'हाताने घासायला काय होतं?' असं मला ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं, ते सगळे पुरुष होते. आणि कंपनीच्या पत्रात 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं होतं, तेव्हा 'आपल्याला' म्हणजे मला. बिल माझ्या नावावर, चिरा हिच्या हाताला.

विसाव्या दिवशी आईच म्हणाली, "त्या वायंडिंगवाल्याला दाखव ना."

आमच्याकडे तापीकाठी ऊस, केळी, पपई. त्यामुळे दर दोन-चार मैलांवर मोटार भरून देणारा एक माणूस असतोच. पाणबुडी मोटार जळाली की शेतकरी त्याच्याकडे धावतो, कारण पीक अकरा दिवस 'विशेष बाबी'ची वाट बघत नाही. आमचे वायंडिंगवाले आले ते टेस्टर, पक्कड आणि एक चिमटा घेऊन. पहिलं काम, बटण बंद करून प्लग काढला आणि तो माझ्या हातात दिला. "हाऊ तुमना हातमा ऱ्हाऊ द्या," म्हणाले. विजेच्या बाबतीत त्यांचा कुणावर, विशेषतः घरातल्या मुलांवर, विश्वास नाही. मग मगाने पाणी उपसलं, फडक्याने टिपलं. गाळणी काढली. तिच्या खाली एक लहानसं प्लॅस्टिकचं झाकण होतं, ते साडेतीन वर्षांत मला दिसलंच नव्हतं. ते उचकटलं, तर आत पंपाचा चिमुकला पंखा. त्यांनी बोट घालून तो फिरवून पाहिला. फिरेना. चिमटा आत घातला, आणि बाहेर आला हिरव्या काचेचा पाऊण इंची तुकडा.

"काही व्हयेल नही, साहेब. कचरा अटकेल शे."

कचरा नव्हता. हिच्या हिरव्या बांगडीचा तुकडा होता. लग्नघाईत ताटं लावताना कप्प्याच्या तारेला हात लागला असणार. आमच्यात बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. तेव्हा पंप गेला नव्हता, बोर्ड गेला नव्हता; पंपात बांगडी वाढवली होती, एवढंच. तो पंखा आता फिरू लागला, पण ठेचकाळत. मी धास्तावलो. वायंडिंगवाले म्हणाले, आत लोहचुंबक आहे, तो असाच अडखळत फिरतो, घाबरू नका. नंतर त्यांनी पाणी फवारणारे दोन्ही हात काढून उन्हात धरले. निम्मी भोकं पांढरी होऊन बुजलेली. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. यंत्रात मिठाचा एक कप्पा असतो. ते मीठ पाणी मऊ करणाऱ्या राळेचे दाणे पुन्हा ताजे करतं, आणि ते संपलं की क्षार भोकांत बसतात. मला वाटत होतं, मीठ टाका म्हणून पेटलेला दिवा म्हणजे कंपनीची मीठ खपवायची युक्ती. तिथे मात्र चूक माझी होती, ती कबूल. सुईने भोकं मोकळी केली, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात हात भिजत ठेवले. पाऊण तासात प्लग लावला. भांडीघाशाने घसा खाकरला आणि तुंबलेलं पाणी भडाभडा बाहेर टाकलं. आईने त्याला नमस्कार केला. वायंडिंगवाल्यांना की पेटीला, ते नीट दिसलं नाही.

हे मी कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं : अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडणं धोक्याचं आहे. धोक्याचं आहे हे मला मान्य. पाणी आणि वीज एका पेटीत आहेत. पण मग अधिकृत म्हणजे कोण? जन्मभर थ्री-फेज मोटारी भरणारा आणि प्लग दुसऱ्याच्या हातात देणारा, की पाण्यात बोट न बुडवता अकरा हजार सहाशेचा आकडा सांगणारा? शिक्षण दोघांचंही झालेलं आहे. एकाचं दुरुस्तीचं, दुसऱ्याचं विक्रीचं.

आणि या यंत्राचा जन्म तरी कुठे झाला? अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रन बाई. चिनी मातीची भांडी नोकरांच्या हातून टवकायची म्हणून चिडल्या, नवरा कर्ज ठेवून वारला, आणि घरामागच्या शेडमध्ये जॉर्ज बटर्स नावाच्या एका मेकॅनिकला हाताशी धरून त्यांनी भांडी धुण्याचं यंत्र उभं केलं. 1886 मध्ये पेटंट, 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडणी. एक कावलेली बाई आणि एक शेडमधला मेकॅनिक! आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी नेमकी हीच दोन माणसं होती. त्यांना अनधिकृत ठरवायचं म्हणजे यंत्राच्या आईबापांनाच दाराबाहेर उभं करायचं.

जगात हे कुणाला कळलेलं नाही असं नाही. युरोपीय संघात 1 मार्च 2021 पासून नियम आहे : डिशवॉशर विकणाऱ्याने पंप, मोटारसारखे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना किमान सात वर्षं पुरवायचे, गाळणी, दाराचं रबर, फवारणारे हात असे भाग तर साध्या गिऱ्हाइकालाही दहा वर्षं. तेही पंधरा कामकाजी दिवसांच्या आत. फ्रान्समध्ये यंत्र किती दुरुस्त होण्यासारखं आहे याचे दहापैकी गुण दुकानातच लिहावे लागतात. 2022 पासून डिशवॉशरलाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल उघडलं. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे नोटीस बोर्ड. ज्याला माहिती लावायची तो लावतो. आमच्या बँकेतही नोटीस बोर्ड आहे, त्यावर काय काय टांगलेलं असतं ते मला माहीत आहे.

माझं मागणं फार नाही. पुस्तिकेत एक पान मराठीत द्या. त्यावर लिहा : गाळणीखाली झाकण आहे, झाकणाखाली पंखा आहे, प्लग काढून तो बोटाने फिरवून बघा. पंप सुटा विका, आणि वायंडिंगवाल्यालाही विका. जिथे यंत्र पोहोचवता तिथे माणूसही पोहोचवा. 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे गिऱ्हाईक राहतं त्या जिल्ह्यात तक्रार लावता येते, म्हणजे मला नंदुरबारला. तारखेला कंपनीचा वकील येईल तेव्हा त्यांना गाव बरोबर सापडेल.

वायंडिंगवाले पैसे घेत नव्हते. "भरलं काय मी? नुसता खडा काढला." मी बळेच दीडशे रुपये खिशात कोंबले.

रात्री हिशेबाची वही उघडली. भांडीघाशा, दुरुस्ती : दीडशे. महसुली. इथवर ठीक होतं. इतक्यात ही म्हणाली, "अहो, आणि बांगड्या? उद्या एक डझन आणायच्या आहेत. त्या कुठल्या खात्यात?"

बराच वेळ पेन्सिल चावली, आणि यंत्राचे सुटे भाग या सदराखाली टाकल्या.