वेष्टणावरील प्रथिने आणि ताटातील प्रथिने

प्रोटीन बार नावाची वस्तू गेल्या काही वर्षांत महानगरांतील चकचकीत दुकानांतून निघून आपल्या सोलापूरच्या औषधविक्रेत्यांच्या आणि किराणा दुकानदारांच्या गल्ल्यांवर येऊन बसली आहे. साठ ग्रॅम वजनाची ही वडी शंभर-सव्वाशे रुपयांना पडते. दर्शनी बाजूस ‘२० ग्रॅम प्रथिने’ हे शब्द लांबून वाचता येतात. घटकांची यादी मात्र मागच्या बाजूस, भिंगाखेरीज वाचता येऊ नये अशा अक्षरांत असते. भारतीय माणूस प्रथिने फार कमी खातो, सबब त्याने ही वडी खावी, असा प्रचार जोरात चालू आहे. या विधानाचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे आणि म्हणूनच त्याचा उत्तरार्ध खपतो. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांचा हा शौक आहे, त्यात आपण कशाला पडा, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. ते मला मान्य नाही.

प्रथम वेष्टणावरील दावाच तपासू. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक नियमांप्रमाणे, शंभर ग्रॅम घन पदार्थात दैनंदिन शिफारशीच्या वीस टक्के प्रथिने असली की त्यास ‘प्रथिनांनी समृद्ध’ म्हणता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ही दैनंदिन शिफारस प्रौढ पुरुषास ५४ ग्रॅम आणि स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम अशी ठरविली. ५४ चे वीस टक्के म्हणजे १०.८ ग्रॅम. येथे मेख अशी की मोजणी शंभर ग्रॅमवर होते, वडीवर नव्हे. चाळीस ग्रॅमच्या वडीत जेमतेम सव्वाचार ग्रॅम प्रथिने असली, म्हणजे एका अंड्यापेक्षाही कमी, तरी ती कायद्याने ‘समृद्ध’ ठरू शकते.

हाच दंडक सोलापूरच्या शेंगदाणा चटणीस लावून पाहा. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. तिखट, मीठ, लसूण, जिरे यांचे वजन वजा जाता चटणीत वीसच्या आसपास राहावीत. म्हणजे कायद्याच्या किमान पातळीच्या जवळजवळ दुप्पट. तुरीची डाळ, मटकी, फुटाणे ही सर्व मंडळी याच हिशेबाने ‘समृद्ध’ होत. ज्वारीच्या पिठातही दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असल्याने ‘प्रथिनांचा स्रोत’ ही धाकटी पदवी तिला मिळू शकते. उखळात चटणी कुटून विकणाऱ्या आमच्या आयाबायांना हे कोणी सांगितलेले नाही, आणि सांगितले तरी रंगीत वेष्टणाचा खर्च त्यांना परवडणारा नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. पोषण केवळ प्रथिनांच्या वजनावर ठरत नाही. त्यांत आवश्यक अमिनो आम्ले कोणत्या प्रमाणात आहेत आणि त्यांतील किती भाग आतड्यात पचून रक्तात जातो, यावर ते ठरते. हंगेरीतील संशोधकांनी २०२५ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात बाजारातील १६४१ वड्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ टक्के वड्या ‘उच्च प्रथिने’ या वर्गात बसत होत्या. परंतु निवडक वड्यांवर प्रयोगशाळेत कृत्रिम पचनक्रिया करून पाहिली तेव्हा प्रथिनांची पचनीयता ४७ पासून ८६ टक्क्यांपर्यंत निघाली. दुधाच्या उत्तम प्रथिनांचाही, ती वडीत तंतू, मेद आणि गोडी आणणाऱ्या द्रव्यांबरोबर कोंबली गेल्यावर, कस उतरतो असे त्यांना आढळले. काही वड्यांत स्वस्तात आकडा फुगविण्यासाठी कोलॅजेन घालतात. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते. वेष्टणावरचे वीस ग्रॅम आणि अंगी लागलेले ग्रॅम यांत केवढे अंतर पडू शकते, हे यावरून दिसते. ‘साखरविरहित’ म्हणविणाऱ्या पुष्कळ वड्यांत माल्टिटॉल असते. त्याचा अतिरेक झाला तर पोट बिघडते, एवढे सांगून पुढे जातो.

आता दराचा हिशेब. शेंगदाणे दीडशे रुपये किलो धरले तर दहा ग्रॅम प्रथिने साधारण सव्वासहा रुपयांना पडतात. तूरडाळ एकशेतीस रुपये किलो धरल्यास सुमारे सहा रुपयांना, आणि सात रुपयांचे अंडे घेतल्यास बारा रुपयांच्या आत. एकशेवीस रुपयांच्या वडीतून तीच दहा ग्रॅम साठ रुपयांना मिळतात. शेंगदाण्याच्या प्रथिनांचा कस दुधाच्या निम्मा मानला तरीही वडी चौपटीहून महाग राहते.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मान्य केले पाहिजे. शेंगदाण्यात मेद पुष्कळ. वीस ग्रॅम प्रथिनांसाठी ते खाल्ले तर जवळजवळ पाचशे उष्मांक पोटात जातात आणि वडीत त्याच्या निम्म्याने काम भागते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, मेद कमी करू पाहणाऱ्या मनुष्यास वडी खुशाल खाऊ द्यावी. ज्याला उष्मांक कमी करावयाचे आहेत त्याच्यासाठी तयार झालेली ही वस्तू ज्याला उष्मांकच कमी पडतात त्या देशाच्या आहाराचा इलाज म्हणून पुढे केली जाते, याला माझी हरकत आहे.

आणि हे पहिल्यांदा घडत नाही. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार समितीने ‘प्रथिनांचे येऊ घातलेले संकट’ टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय कृतीचा आराखडा मांडला होता. गरीब देशांना प्रथिने पुरविण्याच्या योजनांचे त्या काळी पेव फुटले. खनिज तेलावर यीस्ट वाढवून प्रथिने काढण्यापर्यंत तेल कंपन्यांची मजल गेली. या कोलाहलात एका मराठी माणसाने साधा प्रश्न विचारला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे रोमच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. आपल्याकडे ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांतील बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडते, असे त्यांनी आकडेवारीने दाखविले. पोटात पुरेसे उष्मांक नसले की शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. मग वरून कितीही प्रथिने ओता, ती चुलीत जातात. १९७३ साली जागतिक तज्ज्ञ समितीने प्रौढांच्या प्रथिनांच्या गरजेचा आकडा खाली आणला आणि १९७४ साली मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सगळ्या प्रकरणाची ‘महाफजिती’ म्हणून संभावना केली. सुखात्मे पुढे, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, या सिद्धान्तापर्यंत गेले आणि त्यामुळे गरिबांची संख्या कागदावर घटू लागली. त्यास प्रा. वि. म. दांडेकर यांनी घेतलेली हरकत मला आजही रास्त वाटते. परंतु तेवढ्याने सुखात्मे यांचा मूळ प्रश्न निकालात निघत नाही.

तो प्रश्न आज कुंभारीच्या विडी घरकुलात नेऊन विचारावा. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम तांदूळ वा गहू. त्यातून साधारण पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. विडी वळणाऱ्या बाईच्या गरजेचा हा एक तृतीयांश भाग. डाळीचा या कायद्यात समावेश नाही. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर आणि तेलाबरोबर एक किलो हरभरा डाळ दिली गेली. सणापुरती प्रथिने ही कल्पना सरकारलाच सुचू जाणे. ज्वारीत आणि शेंगदाण्यात लायसिन कमी असते. भाकरी-चटणीला डाळीची, उसळीची, ताकाची वा अंड्याची जोड लागते. म्हणून भाकरी-चटणीचे पोवाडे गाऊन कष्टकऱ्याला तेवढ्यावरच ठेवण्याची भाषा आपल्यापैकी कोणी करू नये. ती जोड त्याच्या मजुरीत बसत नाही, हे दुखणे आहे.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले गेले. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरविले. त्यासाठी वर्षाला ५० कोटींची तरतूद होती. जानेवारी २०२५ मध्ये हा निधी बंद करून अंडी हवी असतील तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. त्याच्या दोन-तीन महिने आधी झायडस वेलनेसने ‘राइटबाइट मॅक्स प्रोटीन’ ही वडी करणारी कंपनी ३९० कोटी रुपयांना विकत घेण्याचे जाहीर केले होते. सिगारेटवर मोठी झालेली आयटीसी २०२३ पासूनच ‘योगा बार’ची कंपनी टप्प्याटप्प्याने ताब्यात घेऊ लागली होती. वड्यांच्या एका कारखान्याच्या किमतीत राज्यातील शाळकरी मुलांना पावणेआठ वर्षे अंडी मिळाली असती. पैसा आहे, तो कोणत्या प्रथिनांमागे धावतो, एवढेच पाहावयाचे.

मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी या जिल्ह्याचे मुख्य पीक आहे आणि २०२५-२६ साठी तिचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये जाहीर झाला आहे. त्या भावाने ती येथेच खरेदी करून रेशनवर द्यावी, तिच्याबरोबर दरमहा माणशी एक किलो डाळ द्यावी, आणि अंड्याचा निधी पूर्ववत करावा, या तीन मागण्या तालुका समित्यांनी अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी तहसील कचेऱ्यांवर न्याव्यात. खर्च किती, असे विचारले जाईल तेव्हा शाळेच्या चाळीस आठवड्यांचा हिशेब कागदावर मांडून ठेवावा: मुलामागे वर्षाला अंडी चाळीस, रुपये दोनशेऐंशी, म्हणजे सव्वादोन-अडीच वड्या.