स्टेशनकडे पाठ करून

(तृतीय वर्ष कला)

गेल्या मे महिन्यात माझा मामेभाऊ मालवणहून आमच्याकडे, म्हणजे डोंबिवलीला, चार दिवस राहायला आला. पाहुण्याला गाव दाखवावे हा शिरस्ता. त्याप्रमाणे मी त्याला पहिल्या दिवशी गेटवे दाखवला, दुसऱ्या दिवशी राणीची बाग, तिसऱ्या दिवशी मरीन ड्राइव्ह. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "मुंबई बघून झाली. आता तुझो गाव कधी दाखवतलंस?"

"आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही रे," मी सांगून टाकले.

"मग गाडीतून दिसता ती खाडी कोणाची?"

वाचकहो, ही खाडी मी तीन वर्षे रोज पाहते आहे. कॉलेजला ठाण्याला येताना मुंब्र्याजवळ एका अंगाला पारसिकचा डोंगर असतो आणि दुसऱ्या अंगाला खाडी. कळवा सोडल्यावर तर गाडी खाडीवरच्या पुलावरूनच ठाण्यात शिरते. पण 'पाहते' म्हणजे काय, तर तिचा वास आला की ठाणे आले असे समजून पर्स सावरते. त्या पाण्याजवळ उतरून जाता येते, ही कल्पना माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. बंदरात वाढलेल्या भावाच्या डोक्यात मात्र ती पहिल्याच दिवशी आली.

पुढे बरेच दिवस मी याचा विचार केला, आणि माझे मत असे झाले की दोष माझा एकटीचा नाही, आगगाडीचाही आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत पोचले. त्याचा आम्हांला केवढा अभिमान! परंतु त्याआधीची दोन हजार वर्षे ही गावे पाण्याकडे तोंड करून बसली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे लोक भेटतात. ठाणे म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे श्रीस्थानक. आगगाडी आली आणि गावांनी कूस बदलली. पुढचे दार मागचे झाले, आणि आम्ही सगळे त्यानंतर जन्मलेले!

म्हणून आमची गावे पाहायची असतील तर माझी सूचना एकच आहे. उतरा, स्टेशनकडे पाठ करा आणि पाण्याकडे चालू लागा.

ठाण्याला आपण नेहमी पश्चिमेला उतरतो. एकदा पूर्वेला उतरून मीठबंदर रोडने चालत जावे. रस्त्याच्या नावातच बंदर आहे, पण आपण ते फक्त रिक्षावाल्याला सांगण्यापुरते वापरतो. तिथे चेंदणी कोळीवाडा आहे. या कोळीवाड्याच्या मधूनच रेल्वे गेली आणि त्याचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे झाले. पहिल्या गाडीचा इतिहास सांगताना हे कुणी सांगत नाही. तिथल्या एका आजींना मी विचारले, बंदर कुठे आहे? त्या म्हणाल्या, "उभी हायेस ना तिथंच." पुढे तिवरे होती आणि चिखल होता.

मग पश्चिमेला यावे. जांभळी नाक्याच्या गर्दीतून कौपिनेश्वराचे देऊळ, तिथून मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी. तलावाच्या काठीच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे आणि टेंभी नाक्याला बेने इस्रायली मंडळींचे १८७९ सालचे सिनेगॉग. एवढे सगळे पायी अर्ध्या तासाच्या आत! सेंट्रल जेल तर सगळ्यांना ठाऊक असते, पण तो मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आहे, हे आमच्या वर्गात निम्म्यांना ठाऊक नव्हते. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटला आणि १९१० मध्ये अनंत कान्हेरे इथेच फासावर गेले. आत जाता येत नाही, बाहेरून तटाच्या कडेने चालावे. पोटात कावळे ओरडू लागले तर मामलेदार कचेरीजवळची मिसळ आहेच, मात्र पहिल्याच खेपेस 'तिखट' मागण्याचा पराक्रम करू नये. माझ्या भावाने केला. मालवणी माणूस तिखटाला डरत नाही असे तो म्हणाला होता. नंतर तो बराच वेळ काहीच म्हणाला नाही.

कल्याणला स्टेशनबाहेर पडणे हेच मोठे संकट. तेवढे पार केले, की टिळक चौक, पारनाका, लाल चौकी असे चालत दुर्गाडीपर्यंत जावे, आणि जावे ते उन्हे उतरताना. वाटेत एखादा जुना वाडा अजून तग धरून दिसतो. लौकर पाहून घ्यावा. हे गाव आनंदीबाई जोशींच्या जन्माचे, आणि १८६४ पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि मराठी आरमाराची सुरुवात या खाडीत झाली, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. वर देवीच्या देवळाजवळ उभे राहून खाली पाहिले म्हणजे कळते की इथेच का. नदी वळण घेते, पाणी संथ होते, आणि समुद्र दूर असूनही भरती आत येते.

आता 'बार'विषयी. ज्यांनी हा लेख केवळ त्यासाठी वाचायला घेतला त्यांनी क्षमा करावी. मी आत गेलेली नाही. कायद्याने बियरला एकवीस आणि कडक मद्याला पंचवीस वर्षे पुरी लागतात, आणि मी वीस वर्षांची आहे. 'परमिट रूम' हे नावही १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे देणे. परवाना असेल त्यालाच प्यायला मिळायची. माझा भाऊ सव्वीस वर्षांचा. तो एका संध्याकाळी स्टेशनाजवळच्या अशा एका ठिकाणी जाऊन आला आणि त्याने घरी गच्चीवर मला अहवाल दिला. आत काळोख, काचेला काळा कागद, टेबलावर शेंगदाणे, आणि जो तो घड्याळाकडे बघत घरी जायचे कधी याचा हिशेब करतो आहे. "भायर एवढी खाडी आसा, आणि लोक भिंतीक तोंड करून बसलेत," तो म्हणाला.

मला हे चटका लावून गेले. पिण्याचे समर्थन मला करायचे नाही. पण दिवसभर उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला घर आणि गाडी यांच्या मध्ये टेकायला कुठेतरी जागा हवी असते. आम्ही पुरुषांना काळोखी खोली दिली आणि बायकांना तीही दिली नाही. तलावपाळीचा कठडा, आणि डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोड, एवढ्या जागा आमच्या. खाडीकाठ असा असावा की तिथे संध्याकाळी सातनंतर एखाद्या मुलीला एकटीने बसता यावे. दिवा हवा आणि बाकडे हवे. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी दोन्ही नव्हते.

डोंबिवलीविषयी लिहायचे टाळत होते, कारण ते माझे गाव. इथे किल्ला नाही. इथे माणसे आहेत. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे इथे राहिले, आणि गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये प्रथम इथूनच निघाली. हे सारे आम्ही पूर्वेचे लोक छातीठोकपणे सांगतो आणि पश्चिमेला मात्र लग्नकार्याखेरीज जात नाही. पश्चिमेला मोठागाव आहे, आणि त्यापुढे रेतीबंदर.

तिथे मी भाऊ परत गेल्यावर एका रविवारी बाबांना घेऊन गेले. बाबा एकतीस वर्षे फोर्टात नोकरी करून नुकते निवृत्त झालेत. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या त्यांना पाढ्यासारख्या पाठ आहेत. काठावर एक होडी ओढून ठेवलेली होती. तिच्या कडेवर ते बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "जागा घेताना आम्ही एवढंच विचारलं होतं, स्टेशन किती मिनिटांवर आहे." आणि थोड्या वेळाने, जाळे आवरत असलेल्या एका माणसाकडे वळून त्यांनी विचारले, "भरती किती वाजता येते हो?"

तो म्हणाला, "रोज वेगळी. कालच्यापेक्षा पाऊण तास उशिरा."

बाबांनी घड्याळात पाहिले आणि आम्ही थांबलो.