बेनचा बाऊ करू नका

जूनमध्ये शाळा उघडली की पहिलीच्या दारात रडारड असतेच. तिची फार काळजी करू नका. काळजी करा ती घरातल्या एका वाक्याची. "मस्ती केलीस तर बेनला सांगेन, बेन मारेल."

गुजरातेत कामरेजला येऊन राहिलेल्या खानदेशी आयाबायांनो, हे वाक्य आजपासून बंद करा. बेन म्हणजे इथली शिक्षिका; ती कितीही मायाळू असो, वर्ग कितीही सजवलेला असो, घरातूनच धाक घातलेलं लेकरू तिच्याजवळ जात नाही. लघवीला जायचंय हेसुद्धा सांगत नाही. आणि शाळेत मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदीच आहे.

मुलाला न घाबरवता शिकवावं, हे ज्यांनी आपल्याला दाखवलं त्यांत ताराबाई मोडक होत्या. मराठी बाई, पण हा धडा त्यांनी गुजरातेत गिरवला, भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ला ताराबाई बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. सोबतीला अनुताई वाघ होत्या.

तुमच्या शाळेतही अशी एखादी बेन असेल. तिला थोडी मदत करा.

पहिल्या आठवड्यात तिला भेटा. पाणी, भूक, पोट दुखणं यांना तुमचं लेकरू घरी काय म्हणतं, ते सांगा. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, वर्गात गुजराती, म्हणजे ते सुरुवातीला गप्पच राहणार. "काही येत नाही याला," असं त्याच्यासमोर म्हणू नका.

संध्याकाळी पुस्तक उघडा. गुजराती अक्षरं पाहून बिचकू नका. वरची रेघ नसली तरी बरीचशी आपल्यासारखीच दिसतात. चुकलात तर लेकरू तुम्हाला शिकवेल, आणि त्याला त्याचा केवढा आनंद होईल!

ऊसतोडीला आलेल्यांनी मुलाला पडावावर धाकट्या भावंडांपाशी बसवून ठेवू नये. वर्षाच्या मधेही जवळच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळतो. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. जन्माचा कागद नसला तरीही नाही. कोणी परत पाठवलंच, तर वाद घालू नका. मुख्य शिक्षकांना भेटा, शिक्षण हक्क कायद्याचं नाव घ्या. गावी निघताना नवा दाखला मात्र आठवणीनं मागून घ्या.

आणखी एक. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असाव्या लागतात. बैठक कधी आहे ते विचारा. गुजराती येत नाही म्हणून घरी बसू नका. मोडकंतोडकं बोललेलं बेनला समजतं, रोज मुलांचं तेच तर ऐकते ती.