पुनरागमन आणि निरोप

डिसेंबर २०२१ मध्ये ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षागृहांतून सर्वांत मोठा जल्लोष उठला तो एखाद्या युद्धप्रसंगी नव्हे. एका साध्या घरात जादूच्या वर्तुळातून दोन माणसे आत आली, एवढे निमित्त त्याला पुरले. टोबी मॅग्वायर (२००२ ते २००७) आणि अँड्र्यू गारफील्ड (२०१२ ते २०१४) हे आधीच्या दोन चित्रमालिकांचे नायक टॉम हॉलंडच्या कथेत परतले होते. त्यांचे खलपुरुष त्यांच्याआधीच येऊन पोहोचले होते.

हा सारा स्मृतींचा व्यापार आहे असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, आणि त्यात असत्यही काही नाही. स्पायडर-मॅनचे चित्रपटविषयक हक्क सोनीकडे, मार्व्हल स्टुडिओज डिस्नेच्या मालकीचा. २०१५ मध्ये उभयतांत करार झाला म्हणूनच हा नायक मार्व्हलच्या चित्रविश्वात वावरू लागला. वूल्व्हरीनला तर डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्सचा चित्रपटव्यवसाय ताब्यात घेईपर्यंत वेशीबाहेर थांबावे लागले. या देवलोकाच्या सीमा वकिलांनी आखलेल्या आहेत! परंतु हेतू व्यापारी आहे एवढ्यावरून कृतीचे मूल्य ठरत नाही. परतलेले पात्र कथेत येऊन काय करते आणि कोणत्या अटीवर पुन्हा जाते, हा खरा प्रश्न होय.

भारतीय वाचकाला या प्रश्नाचे एक प्राचीन रूप परिचित असते. महाभारताच्या आश्रमवासिकपर्वात, युद्धाला पंधरा वर्षे उलटून गेल्यावर, शोकाने पोळलेल्या गांधारी-कुंतीसाठी व्यास भागीरथीच्या जळातून मृत वीरांना वर बोलावतात. दुर्योधन येतो, कर्ण येतो, अभिमन्यू येतो. जन्मांध धृतराष्ट्राला त्या रात्रीपुरती दृष्टी लाभते. वैर मावळलेले असते; जिवंत आणि मृत एकमेकांना भेटतात, आणि ती रात्र सरताच मृत नदीत परततात. या प्रसंगाचे सारे सामर्थ्य त्या एका रात्रीच्या मर्यादेत आहे. दुर्योधन सकाळी थांबला असता, तर शोक हलका होण्याऐवजी नवे युद्ध सुरू झाले असते.

‘नो वे होम’ने, जाणता असो वा अजाणता, ही मर्यादा पाळली आहे. २०१४ च्या चित्रपटात गारफील्डच्या पीटरला उंचावरून कोसळणाऱ्या ग्वेनला वाचवता आले नव्हते. येथे तसाच कोसळणाऱ्या एमजेला तो झेलतो. क्षणभर त्याला बोलता येत नाही. डोळे भरून येतात. मागील चित्रपट न पाहिलेल्या प्रेक्षकालाही कळते की हा माणूस वेगळ्याच कुणाला तरी झेलतो आहे. शिवाय खलपुरुषांना त्यांच्या ठरलेल्या मृत्यूकडे परत न धाडता बरे करण्याचा हट्ट हा पीटर धरतो, आणि त्याची किंमत त्याच्या मावशीच्या प्राणांनी चुकती होते. शेवटी पाहुणे परततात. पण त्यासाठी साऱ्या जगाने पीटरला विसरावे लागते. पटकथेतील मंत्रतंत्र सोयीपुरते आहे, तिघांचा विनोद कित्येकदा केवळ जुन्या प्रेक्षकाला डोळा मारण्यासाठी आहे, हे मान्य केले तरी निरोपाचे हे मोल नाकारता येत नाही.

याच्या उलट २०२३ चा ‘द फ्लॅश’ पाहावा. मायकेल कीटनचा बॅटमन १९९२ नंतर परततो, तोवर ठीक. तो जिवंत नट आहे, आपल्या वार्धक्यासह येतो. परंतु अखेरीस १९५९ मध्ये निवर्तलेले जॉर्ज रीव्ह्ज आणि २००४ मध्ये निवर्तलेले ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या संगणकनिर्मित प्रतिमा पडद्यावर तरंगत येतात. त्यांना बोलायचे काही नाही, कुणाला भेटायचे नाही. वारसांची संमती असो वा नसो, मृत नटाच्या चेहऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. व्यासांच्या नदीतून माणसे आली होती. येथे मुखवटे आले.

जुलै २०२४ चा ‘डेडपूल अँड वूल्व्हरीन’ अधिक निर्लज्ज आणि म्हणूनच काहीसा प्रामाणिक आहे. ‘लोगन’ने २०१७ मध्ये वूल्व्हरीनला सन्मानाने मूठमाती दिली होती. हा चित्रपट आरंभीच ती कबर खणतो आणि त्या हाडांचीच शस्त्रे करतो. पुरलेली मढी उकरणे हा मराठीतला वाक्प्रचार इतक्या शब्दशः क्वचितच चित्रित झाला असेल! पुढे येणारा वूल्व्हरीन दुसऱ्या विश्वातला, म्हणून पहिल्याचा मृत्यू अबाधित, हा युक्तिवादही वकिलीच. तरीही त्या ओसाड प्रदेशात अडगळीसारखी टाकलेली पात्रे भेटतात, तेव्हा थट्टा थोडी थांबते. १९९८ चा वेस्ली स्नाइप्सचा ब्लेड तेथे आहे. चॅनिंग टेटमचा गॅम्बिटही आहे, ज्याचा स्वतंत्र चित्रपट कधी निघालाच नाही. त्यांना विजय नको आहे, शेवट हवा आहे.

महाभारतातील त्या प्रसंगाची एक पुस्ती सहसा दुर्लक्षिली जाते. ही कथा ऐकणारा जनमेजय मध्येच म्हणतो की, मलाही माझा पिता दाखवा. आणि व्यास त्याला परीक्षिताचे दर्शन घडवतात. श्रोत्याचीच इच्छा कथेत शिरते. मार्व्हलचा प्रेक्षक आज त्या जनमेजयाच्या जागी बसला आहे. २०१९ मध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनिअरच्या आयर्न मॅनचा मृत्यू त्याने अश्रूंनी पाहिला. आणि जुलै २०२४ मध्ये तोच नट डॉक्टर डूम म्हणून परतणार असल्याच्या घोषणेला त्यानेच टाळ्यांनी दाद दिली.